घंटी कोणाला ऐकू येते?

नाताळ जवळ आला की मूल विचारते, "सांताक्लॉज खरा असतो का?" हो म्हणावे तर खोटे बोलल्यासारखे होते, नाही म्हणावे तर मुलाचा चेहरा उतरतो. क्रिस व्हॅन ऑल्सबर्ग या अमेरिकन लेखक-चित्रकाराने याच पेचावर १९८५ साली 'द पोलर एक्सप्रेस' हे चित्रपुस्तक लिहिले. १९८६ साली त्याला चित्रांसाठी कॅल्डेकॉट पदक मिळाले, २००४ साली त्यावर चित्रपट निघाला.

गोष्ट छोटी आहे. सांता नसतोच, असे मित्राने सांगितलेला एक मुलगा नाताळच्या आदल्या रात्री अंथरुणात पडून सांताच्या गाडीच्या घंट्या ऐकू येतात का, याची वाट पाहतो. ऐकू येते ती मात्र वाफेच्या इंजिनाची धापधाप. दारात आगगाडी उभी! रात्रीच्या कपड्यांतली मुले घेऊन ती उत्तर ध्रुवावर जाते. तिथे सांता त्याला हवे ते मागायला सांगतो. तो मागतो फक्त एक चांदीची घंटी. खिशाला भोक असल्याने ती हरवते, पण सकाळी नाताळच्या झाडामागे एका छोट्या डबीत सापडते. तो आणि त्याची बहीण सारा यांना तिचा गोड आवाज ऐकू येतो. आईवडिलांना काहीच ऐकू येत नाही, त्यांना वाटते घंटी बिघडलेली आहे. पुढे मित्रांना आणि साराला ऐकू येणेही थांबते. म्हातारा झालेल्या निवेदकाला मात्र अजून ऐकू येते.

मांडणीतली हुशारी पाहा. गोष्ट कानापासून सुरू होते आणि कानापाशीच संपते. निवेदकाला नाव नाही, म्हणून वाचणारे मूल त्या जागी स्वतःला बसवते. खिशाचे भोक साधेच, पण घंटी हरवते ती त्याच्यामुळे. विश्वासासारखी न दिसणारी गोष्ट लेखक हाताने हलवता येईल अशा वस्तूत ठेवतो. यालाच प्रतीक म्हणतात.

एका बाबतीत मात्र आम्ही लेखकाशी सहमत नाही. विश्वास गेला की ऐकू येणे थांबते, असे गोष्ट सुचवते. मग शंका घेणारे मूल बहिरे ठरते काय? आम्हाला तसे वाटत नाही. सांता नसतो म्हणणारा तो मित्र गोष्टीत पुन्हा येतच नाही. त्याचीही बाजू ऐकायला हवी होती.

म्हणून पुस्तक मिळाले तर मुलांना जरूर वाचून दाखवा. पाने मिटल्यावर विचारा, "घंटी कशाची खूण असेल? तो मित्र आज भेटला तर काय म्हणेल?" "खरंच असं झालं का?" असे मुलाने विचारले तर सरळ सांगा, ही रचलेली गोष्ट आहे. एवढ्याने गोष्टीतला आनंद कमी होत नाही. उलट, विचारले की खरे उत्तर मिळते, हा मुलाचा आपल्यावरचा विश्वास पक्का होतो. तो विश्वास आयुष्यभर पुरणारा आहे.