कापूस गेला, आता चेहरे

१८७० मध्ये जलंब ते खामगाव हा लोहमार्ग व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते सुरू झाला, तो वऱ्हाडच्या शेतकऱ्याला यात्रा घडविण्यासाठी नव्हे. खामगावच्या पेठेतील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळावा आणि त्याचा भाव मात्र लिव्हरपुलात ठरावा, यासाठी. आज त्याच बुलढाणा जिल्ह्यातून दुसरा कच्चा माल बाहेर जात आहे: माणसांचे चेहरे, त्यांचे हसणे, त्यांचे दुःखही. त्याला रूळ लागत नाहीत. भाव पूर्वीप्रमाणेच सातासमुद्रापलीकडे, आता कॅलिफोर्नियात ठरतो.

‘इन्फ्लुएन्सर’ नावाच्या या पेशाला दोन प्रकारचे भाष्यकार लाभले आहेत. एकांना ही लोकशाहीची पहाट वाटते. खेड्यातला पोरगा जगाला दिसू लागला ना! दुसरे पोरांच्या नावाने बोटे मोडतात. मालकाविषयी दोघेही चकार शब्द काढीत नाहीत. पदवी घेऊन घरी बसलेला चिखलीचा वा मेहकरचा तरुण रील करतो, त्याला छंदापेक्षा बेकारी अधिक कारण आहे. जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा देण्यापूर्वी यूट्यूब त्याच्याकडे एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात पाहिले गेलेले चार हजार तास मागते, किंवा छोट्या चित्रफिती नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिल्या जाणे. त्या उंबरठ्यापर्यंतचे सारे श्रम बिनपगारी. कोणती चित्रफीत लाखोंपुढे न्यायची आणि कोणती गाडायची, हे ठरविणारे गणित त्याला कधीच दाखविले जात नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा गावोगावचे तारे एका रात्रीत विझले. बंदी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण एखादी गिरणी बंद पडली असती, तर निदान दारात कामगारांची सभा तरी झाली असती!

ही प्रसिद्धी कशी घडविली जाते, हे शेगाव तालुक्याने जानेवारी २०२५ मध्ये अनुभवले. बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळू लागले आणि काही दिवसांतच टक्कल पडू लागले. हाताने ओढताच केस निघत असल्याची दृश्ये देशभर फिरली. पाहणाऱ्यांना करमणूक मिळाली, मालकाला जाहिराती. ज्याचे केस गेले त्याच्या वाट्याला कुचेष्टा आली. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक येऊन गेले, डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. गरिबाच्या ताटात पडणारे धान्य कोण तपासतो, हा यातला खरा राजकीय प्रश्न. परंतु धान्याच्या तपासणीला टकलाइतके प्रेक्षक मिळत नाहीत, आणि ज्याला प्रेक्षक नाहीत ते त्या गणिताच्या लेखी घडलेलेच नसते.

१९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. तीत दोष पुष्कळ होते. तरी कापसाचा भाव व्यापाऱ्याने एकट्याने ठरवू नये, एवढे तत्त्व तीत मान्य झाले होते. गणित उघड करा, हिशेब दाखवा, कारण दिल्यावाचून खाते बंद करू नका, ही मागणी त्याच जातीची आहे. ती करायची तर रील करणाऱ्या पोरांना हिणवून चालणार नाही. त्यांची संघटना बांधावी लागेल.

पण येथे पक्षाचे घरही साफ नाही. तहसील कचेरीवरून परतलेला कार्यकर्ता हल्ली तहसीलदार काय म्हणाले ते नंतर सांगतो. निवेदन देतानाची चित्रफीत किती जणांनी पाहिली, ते आधी. त्या निवेदनात रेशनच्या गव्हाच्या तपासणीची मागणी होती की नव्हती, हे त्याला कागद काढून पाहावे लागते.