चोरच ठाणेदार!



चॉकलेटच्या कागदावर हल्ली हिरवा शिक्का असतो. शाश्वत माल, जबाबदार कंपनी! तपासनिसाची फी कोण भरतं? माल विकणारेच. म्हणजे चोरानेच ठाणेदार नेमायचा आणि चोरी झालीच नाही असा पंचनामा लिहून घ्यायचा.

हिशेब मांडतो. जून २००१. 'गुलामीविना पिकलेले' असं लेबल तयार करायला अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने पैसे मंजूर केले. कंपन्यांचे दलाल धावले. कायदा गेला आणि सप्टेंबरात 'हार्किन-एंगेल करार' आला. ऐच्छिक! कोकोतली भयानक बालमजुरी २००५ पर्यंत संपवू, हा शब्द. मोडला तर शिक्षा नाही. मग २००५चं २००८ झालं, २०१० झालं, २०२० झालं. 'संपवू'चं '७० टक्के घटवू' झालं. २०२० साली शिकागो विद्यापीठाच्या संशोधन संस्थेचा अहवाल आला : घाना आणि आयव्हरी कोस्टच्या कोकोत १५ लाख ६० हजार पोरं राबतात.

आफ्रिका लांब नाय. माझी माय कोयत्यावर जायची. मुकादमाची उचल, उसाच्या फडाकडेला कोपी, पाळी आली म्हणून दिवस बुडाला तर खाडा. २०१९च्या सरकारी समितीने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. याच महाराष्ट्रात साखर कारखान्यांना 'बोन्सुक्रो'चं शाश्वत उसाचं प्रमाणपत्रही मिळतं. आमच्या कोपीत कुठला तपासनीस वाकून आल्याचं मायला आठवत नाय.

हा खेळ आपल्याला नवा आहे काय? १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने बोले ठराव केला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेने री ओढली. ठराव दप्तरात, तळं त्यांच्याच ताब्यात. १९२७ साली बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर गेले, तेव्हा ओंजळ भरली. मालकाच्या मर्जीवर टांगलेला हक्क हा हक्कच नव्हे. 'स्वयंनियमन' म्हणजे तेच जुनं हृदयपरिवर्तन, नव्या कोटात.

म्हणून शिक्के नकोत. कायदा हवा. मुकादमाच्या आड लपणारा कारखानाच ऊसतोड कामगाराचा मालक, असं कायद्यात लिहा. तपासणीला कामगारांचे प्रतिनिधी बसवा. मोडेल त्याला तुरुंग.

आणि हे ते आपणहून देणार नाहीत. महाडला तरी कुठं दिलं होतं?