उपग्रहाला खडक दिसतो, कसणारा दिसत नाही

उपग्रहाने जमिनीखालचे तांबे शोधले, अशी बातमी आली की आपली शिकलेली पोरेही माना डोलावतात. मित्रांनो, उपग्रहाला तांबे दिसत नाही. न समजलेल्या विज्ञानापुढे हात जोडणे ही बुवाबाजीच.

तांबे साचताना गरम, खनिजयुक्त पाणी खडकाच्या भेगांतून फिरते आणि आजूबाजूचा खडक बदलून टाकते. कुठे त्याची चिकणमाती होते, कुठे हिरवट क्लोराइट. ही खनिजे सूर्यप्रकाशातला ठराविक अवरक्त भाग शोषतात, चिकणमाती 2.2 मायक्रोमीटरच्या आसपास, क्लोराइट 2.3 च्या पुढे. 1999 साली सोडलेल्या टेरा उपग्रहावरचे ॲस्टर यंत्र हीच खूण टिपायचे. त्यातला एक ठिपका म्हणजे 30 बाय 30 मीटर, जवळपास नऊ गुंठे. तेही उघड्या खडकावर; माती, पीक, झाडी आड आली की नजर संपली.

आमच्या माकणीत तर सगळा काळा कातळच. 1993 च्या भूकंपानंतर शेजारच्या किल्लारीत खोल भोक घेतले, तेव्हा बेसॉल्टचा थर सुमारे 338 मीटर निघाला. जुना खडक त्याच्याही खाली. इथे कुणी ‘सॅटेलाइट स्कॅन’ करून धन दाखवतो म्हणाला, तर सरळ पोलिसांत द्या.

चंद्रपूरची गोष्ट वेगळी. पोंभुर्णा तालुक्यात ठाणेवासना येथे क्वार्ट्‌झ-क्लोराइटच्या शिरांत खरेच तांबे आहे. त्यात 2023 च्या कायदाबदलाने तांब्यासह 29 खनिजांचे शोध-परवाने लिलावाने देण्याची वाट खुली केली. विज्ञान तटस्थ असते, असे साहेब लोक सांगतील. असेल. पण नकाशावर रंगवलेल्या त्या नऊ गुंठ्यांत राबते कोण, हे उपग्रह सांगत नाही, सातबारा सांगतो. आणि गायरान कसणाऱ्या आपल्या माणसांचे नाव तिथे नसते. कागदावर ते अतिक्रमणदार! 1964 साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, त्याला साठ वर्षे उलटली.

खाणच नको, असे आपल्यातले काही म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. मजूरमंत्री असताना बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. खाणीकडे पाठ फिरवून कामगाराचे प्रश्न सुटत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते.

आमची मागणी एवढीच: कुठल्याही तुकड्याचा लिलाव पुकारण्याआधी तिथल्या प्रत्यक्ष कसणाऱ्यांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवा, सातबारावर नाव असो वा नसो. आणि पोरांनो, ॲस्टरची चित्रे फुकट मिळतात, क्यूजीआयएसही फुकट आहे. तो लाल पट्टा आपल्या वस्तीवरून जातो का, हे कंपनीच्या माणसाआधी आपल्याला कळले पाहिजे.