डोक्यावरचा मार कागदावर येऊ द्या



केंद्रावर आलेली बाई तारखा चुकवते, एकच प्रसंग दोनदा वेगवेगळा सांगते, मध्येच थांबून 'मी काय सांगत होते?' असं विचारते. पोलीस म्हणतात, जबानी बदलते. सासरचे म्हणतात, वेडी आहे. आणि खरं बोलायचं तर कधी कधी आपल्याही मनात येतं, ही काहीतरी लपवतेय. डोकं भिंतीवर आपटलं होतं का, गळा दाबला होता का, हे मात्र विचारायचं राहून जातं.

अमेरिकेत ईव्ह वलेरा आणि हॉवर्ड बेरेनबॉम यांनी २००३ साली मारहाण सोसलेल्या ९९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश जणींच्या मेंदूला जोडीदाराच्या मारानं निदान एकदा इजा झाली होती. निम्म्या जणींना एकाहून अधिक वेळा.

अशी इजा बहुधा 'सौम्य' गणली जाते. बेशुद्धी अर्ध्या तासाच्या आत, किंवा मुळीच नाही. सीटी स्कॅनमध्ये सहसा काही दिसत नाही. पण विसर पडतो, लक्ष लागत नाही, डोकं दुखतं, चक्कर येते. यातून बहुतेक माणसं काही आठवड्यांत सावरतात. रोज मार खाणाऱ्या बाईला ते आठवडे देतं कोण?

म्हणून पहिला उपचार म्हणजे मार थांबणं. मग विश्रांती, आणि तज्ज्ञांच्या मदतीनं लक्ष व स्मरण यांचा सराव: वहीत टिपणं, गजर लावणं, एका वेळी एकच काम. डोक्याबाहेरून चुंबकीय लहरी किंवा अगदी क्षीण वीजप्रवाह देण्याचे प्रयोगही चालू आहेत. हे शॉक नव्हेत. पण सौम्य इजेत त्यांचा उपयोग अजून पुरेसा सिद्ध झालेला नाही. तेव्हा महागड्या यंत्राची भुरळ नको, आणि बाईच्या संमतीशिवाय तर काहीच नको. 'वेडी' ठरवून बायकांवर काय काय लादलं गेलं, हे आपण विसरलेलो नाही.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं. हिंसा हा आरोग्याचाही प्रश्न आहे, हे सरकारी दवाखान्यात रुजवता येतं, हे त्यानं दाखवलं. आता पुढचं पाऊल टाकू या. प्रत्येकीला डोक्याच्या माराबद्दल विचारू. तो केसपेपरवर आणि संरक्षण अधिकाऱ्याच्या अहवालात लिहून घेऊ. जबानीसाठी तिला वेळ मागू.

तिची आठवण अडखळते, म्हणून ती खोटी ठरत नाही. ते अडखळणं हाच कदाचित माराचा पुरावा असेल.

– संपादक मंडळ