एकाच विमानाची उपासना

विमानयुद्धाच्या खेळांत हरलेला मनुष्य सर्वांत अगोदर कोणास दोष देत असेल, तर तो आपल्या विमानास. ‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही आपली म्हण येथेंहि लागू पडते. हें मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाहीं. दोन वर्षें मीं स्वतःच असें केलें आहे.

ज्या वाचकांस हा खेळ अपरिचित असेल, त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. २०११ सालीं निघालेल्या ‘क्लिफ्स ऑफ डोव्हर’ ह्या संगणकीय खेळांत १९४० सालचें इंग्लिश खाडीवरील आकाश उभें केलेलें आहे. घरच्या संगणकापुढें जॉयस्टिकची दांडी धरून बसावें आणि दूरदेशच्या खेळाडूंशीं आंतरजालावरून झुंजावें. एका पक्षाकडे ब्रिटिश स्पिटफायर व हरिकेन. दुसऱ्याकडे जर्मन मेसरश्मिट १०९. युरोपांतील मंडळी रात्रीं जमतात, तेव्हां आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. त्यामुळें ह्या विद्येची पहिली किंमत घरच्या माणसांच्या झोपेनें चुकवावी लागते!

आज स्पिटफायर, उद्यां हरिकेन, परवां मेसरश्मिट, असा माझा फेरा चालत असे. एके रात्रीं माझा कॉलेजांत जाणारा पुतण्या पाठीमागें उभा राहून सारें पाहत होता. तो शांतपणें म्हणाला, “काका, विमानें बदललीं, पडण्याची रीत मात्र तीच आहे!” बोलणें वर्मीं लागलें. चातुर्मास तोंडावर आला होता. आमच्या घरीं कोणी वांगें सोडतें, कोणी कांदा-लसूण. मीं त्या वर्षीं स्पिटफायर मार्क एक ठेवून बाकीचीं सारीं विमानें सोडलीं.

पहिला धडा जमिनीवरच मिळाला. ह्या विमानाचा रेडिएटर उजव्या पंखाखालीं असतो व उभ्या विमानांत त्यास पुरेसा वारा लागत नाहीं. उड्डाणापूर्वीं रेंगाळत राहिलें, कीं एंजिन तापून बिघडतें. दुसरा धडा बंदुकांचा. पंखांत आठ मशिनगनी, प्रत्येकीस तीनशें गोळ्या. घोडा सतत दाबून धरल्यास सारा सांठा सुमारें पंधरा सेकंदांत संपतो. लांबून गोळ्या उधळणारा थोड्याच वेळांत रिकाम्या हातानें परततो.

तिसरा धडा मात्र खरा कसोटीचा. शत्रूनें नाक खालीं दाबून सूर मारला, कीं मीहि तसाच त्याच्या मागें जाई, आणि ऐन वेळीं एंजिन खोकून गप्प बसे. हा खेळाचा दोष, असें मी समजत होतों. वस्तुतः ही उणीव मूळच्या मर्लिन एंजिनांतच होती. त्याच्या कार्ब्युरेटरांत इंधनाची एक लहान कुंडी असे. विमान एकदम खालीं दाबलें, कीं इंधन तळ सोडून वर उसळे व एंजिन गुदमरे. मेसरश्मिटमध्यें इंधन पिचकारीनें थेट सिलिंडरांत जाई; म्हणून तें निर्धास्तपणें निसटे. फार्नबरो येथील संशोधनसंस्थेंतील बीट्रिस शिलिंग ह्या स्त्री-एंजिनियरनें १९४१ सालीं छिद्र असलेली एक लहानशी चकती बसवून ह्यावर बराच इलाज केला. परंतु १९४० सालच्या वैमानिकांपाशीं ती चकती नव्हती. ते विमान उलटें करून दांडी आपल्याकडे ओढीत. त्यायोगें इंधन तळाशींच दाबलेलें राही आणि सूरहि मारतां येई. ही युक्ति माझ्या हाताला बसण्यास दीड महिना लागला.

ती बसली तेव्हां उमजलें, कीं विमानाचे गुण पुस्तकांतून कळतात, पण त्याचा दोष हातांतच मुरावा लागतो. आणि त्यासाठीं त्याच्यापाशीं टिकून राहावें लागतें.

हें शिकतांना एका विचारानें मी वरमतों. १९४० च्या त्या उन्हाळ्यांत कित्येक तरुण ह्या विमानावर थोडेच तास काढून लढाईस उभे राहिले. १० जुलै ते ३१ ऑक्टोबर एवढ्या काळांत ब्रिटनच्या लढाऊ दलांतील पांचशेंहून अधिक जण कामास आले. आवडेल तें विमान निवडण्याची त्यांना मुभा नव्हती, आणि पडल्यावर पुन्हां आरंभ करण्याचीहि नव्हती. मला एका रात्रींत दहा वेळां पडतां येतें. एवढी सवलत मिळूनहि चूक विमानाच्या माथीं मारावी, हें शोभत नाहीं.

अजूनहि मी पुष्कळदां पडतों. परंतु पडण्याचें कारण आतां मला सांगतां येतें, आणि तें बहुधा खुर्चींत बसलेलें असतें. कार्तिकांत पुतण्यानें विचारलें, “काका, नेमाचें उद्यापन कधीं? आतां दुसरें विमान घेणार ना?”

मीं म्हटलें, “अरे, ह्याच्याशीं आतां कोठें ओळख होऊं लागली आहे!”