आपलं पुस्तक आपणच ओरडून विकू

साहित्याच्या दिवाणखान्यात बसलेले काही शहाणे अलीकडं आपल्या पोरांना उपदेश करतात. कवीनं लिहावं आणि बाजूला व्हावं. पुस्तक अस्सल असेल तर वाचक आपसूक येतो. फेसबुकवर स्वतःच्याच पुस्तकाचा डंका पिटणं हे उथळपणाचं लक्षण आहे. ऐकायला सोज्वळ वाटतं. पण दोस्तहो, हे सांगणाऱ्याचं पुस्तक कोण विकतं ते एकदा बघा. त्याचा प्रकाशक ठरलेला, परीक्षण लिहिणारा मित्र ठरलेला, रविवारच्या पुरवणीतली जागा ठरलेली, ग्रंथालयाच्या खरेदीच्या यादीतलं नाव ठरलेलं, अभ्यासमंडळावरचा मेहुणाही ठरलेला. त्याच्यासाठी दहा जण ओरडतात म्हणून त्याला गप्प बसणं परवडतं. ज्याच्यासाठी कुणीच ओरडत नाही त्यानं गप्प बसायचं म्हंजे स्वतःच्या मयताला स्वतःच खांदा द्यायचा.

म्हणून आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्याच्या मागं प्रकाशक नाही, पैसा नाही, जात नाही, त्या लेखकानं व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब जे हाताला लागेल त्यावरून आपलं पुस्तक बेधडक विकावं. त्यात लाज नाही. मात्र त्या मालकांचा बलुतेदार होऊ नये. ह्या दोन्ही गोष्टी एकदम करायच्या आहेत, आणि अडचण तिथंच आहे.

स्वतःचं पुस्तक स्वतः विकणं हे काल जन्मलेलं फॅड नाही. आपली ती परंपरा आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटक दक्षिणा प्राइज कमिटीपुढं ठेवलं. कमिटीनं ते नाकारलं. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा 'दीनबंधु'नं पहिले दोन भाग छापले आणि पुढचे थांबवले. 'दीनबंधु' काही बामणांचं पत्र नव्हतं, आपल्याच माणसांचं होतं. म्हंजे दार नेहमी शत्रूच लावतो असं नाही. मग जोतीराव रडत बसले का? त्यांनी हस्तलिखित काखेत मारलं आणि मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर असं माणसांपुढं वाचत सुटले. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांपुढंही वाचलं. कुठं कुठं वाचलं ती नावं त्यांनी उपोद्घातात लिहून ठेवलीत. आख्खं पुस्तक त्यांच्या हयातीत छापून आलं नाही, तरी ते लोकांपर्यंत गेलं. आज कुणी पोरगं मोबाइलपुढं उभं राहून आपल्या पुस्तकातलं पान वाचतं आणि तुम्ही त्याला उथळ म्हणता. तर मग जोतीरावांनाही म्हणा. आहे हिंमत?

पुढची गोष्ट बाबासाहेबांची. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. त्याची साधी जाहिरात 'केसरी'त छापावी म्हणून विचारलं, पैसे भरायची तयारी दाखवली. 'केसरी'नं पैसे मिळत असूनसुद्धा ती छापली नाही. ही गोष्ट पुढं खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवली. तेव्हा जाहिरात ही हलकी गोष्ट आहे असं कुणी सांगायला लागला की समजा, त्याच्या आज्याला जाहिरातीची ताकद चांगली ठाऊक होती. म्हणून तर त्यानं दिली नाही.

मग आले साठ-सत्तरचे दिवस. 'येरू', 'विद्रोह', 'फक्त', 'असो'. पाच-पंचवीस पानांची अनियतकालिकं, खिशातले पैसे घालून काढलेली, हातोहात वाटलेली. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त राजा ढाल्यांचा लेख आला आणि सगळ्या महाराष्ट्रात भडका उडाला, तो काय जाहिरात कंपनीनं उडवला? माणसांनी तो अंक एकमेकांच्या हातात दिला. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. १९७८ ला दया पवारांचं 'बलुतं' 'ग्रंथाली'नं काढलं, आणि ती संस्था स्वतःला वाचक चळवळ म्हणवत होती. दुकानाच्या फळीवर भरवसा न ठेवता थेट वाचक गाठायचा, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या हातात आज फोन आहे, तेव्हा सायक्लोस्टाइल होतं. काम तेच आहे.

मी गोदीत माल उतरवतो, म्हणून त्या भाषेत सांगतो. जहाजातनं माल खाली आला म्हंजे काम झालं असं गोदीत कुणी म्हणत नाही. गेटबाहेर ट्रक लागला पाहिजे. माल शेडमध्ये पडून राहिला की मुदत संपते आणि डेमरेज चढायला लागतं, दर दिवसाला. आपल्यातल्या किती कवींच्या खाटेखाली पुस्तकांचे गठ्ठे पडलेत? पतपेढीचं कर्ज काढून पाचशे प्रती छापल्या, प्रकाशनाला पुढारी आणला, हार घातले, फोटो काढले, शंभर प्रती फुकट वाटल्या आणि चारशे खाटेखाली. त्यावर डेमरेज चढतंय. ते बायकोच्या डोरल्यातनं जातं, पोरांच्या फीमधनं जातं. मला शहरातल्या एका प्रकाशकानं कवितासंग्रहाचे तीस हजार मागितले आणि विक्रीचं काय विचारलं तर म्हणाला, ते तुमचं तुम्ही बघा. अरे, छपाईही माझी आणि विक्रीही माझी, मग तू कोण? फक्त शिक्का?

आता फोनकडं वळू. पण आधी वाडा कुणाचा ते बघा. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकाच मालकाची. तुमची पोस्ट किती जणांना दाखवायची ते त्याचं गणित ठरवतं. पैसे भरले की पुढं सरकवतं, नाही भरले की कोपऱ्यात बसवतं. गावात पाटलाच्या ओट्यावर कुणी किती वेळ बसायचं ते पाटील ठरवायचा, तसंच हे. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉक बंद केलं. खेड्यापाड्यातल्या, वस्तीतल्या पोरापोरींनी लाखो बघणारे जोडले होते, ते एका रात्रीत गेले. त्यांच्याकडं त्या माणसांचे ना पत्ते होते ना नंबर. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचा तेव्हाचा प्रमुख जॅक डॉर्सी भारतात आला, ब्राह्मणी पितृसत्ता मोडा अशा अर्थाचा फलक हातात धरून फोटोत उभा राहिला. एका दलित बाईनं तो दिला होता. बोंब उठली आणि कंपनीनं माफी मागून हात झटकले. तेव्हा ह्या मालकांना आपले समजू नका. रस्ता त्यांचा आहे म्हणून चालायचं थांबवू नका, पण घर त्या रस्त्यावर बांधू नका.

म्हणून पहिलं काम म्हंजे एक वही घाला. साधी शंभर पानी वही. ज्यानं पुस्तक घेतलं त्याचं नाव, गाव, फोन, आणि कुठलं पुस्तक घेतलं ते लिहा. पाच हजार लाइकपेक्षा वहीतली दोनशे नावं खरी. खातं बंद पडलं तरी वही बंद पडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट करा, पण ध्यानात ठेवा, ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो निरोप जातो. म्हंजे आधी ओळख लागते, नुसता नंबर नाही.

दुसरं, छापायच्या आधी नोंदणी घ्या. तीन-चार कविता आपल्या आवाजात म्हणून टाका, किंमत सांगा, तारीख सांगा, पैसे घ्यायचा क्यूआर कोड द्या. शंभर जणांनी पैसे भरले तर दीडशे छापा. पाचशेचा हट्ट पुढाऱ्याला शोभतो, आपल्याला नाही. आयएसबीएन क्रमांक विकत घ्यायचा नसतो. राजा राममोहन रॉय एजन्सी तो फुकट देते, लेखकानं स्वतः अर्ज करता येतो. त्याचे पैसे उकळणारा भेटला तर त्याला हे वाचून दाखवा. छापील पुस्तकावर जीएसटीही नाही.

तिसरं, हिशेब. समजा पुस्तक दीडशे रुपयांचं. विक्रेता चाळीस टक्के कापतो, म्हंजे साठ रुपये गेले. तेच थेट वाचकाला धाडलं तर ते साठ तुमचे, किंवा किंमत कमी करून वाचकाचे. टपालानं आपल्याला मधे दणका दिला. डिसेंबर २०२४ ला बुक पोस्ट बंद केलं, छोट्या प्रकाशकांची कंबर मोडली. मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं : तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पातळ कवितासंग्रह वीस रुपयांच्या वजनात बसतो. म्हणून पानं ठरवतानाच वजनाचा काटा डोळ्यापुढं ठेवा.

चौथं, एकट्यानं ओरडू नका. दहा कवींनी दहा जणांची पुस्तकं विकावीत. माझ्या वहीतल्या माणसाला मी तुझं पुस्तक सांगतो, तुझ्या वहीतल्याला तू माझं सांग. रोज उठून 'माझं, माझं' करणाऱ्याला लोक म्यूट करतात, आणि बरोबर करतात. दुसऱ्याच्या पुस्तकावर चार ओळी मनापासून लिहिणारा माणूस ऐकला जातो. आणि आपल्या बायांनी कविता टाकली की तिच्याखाली घाण लिहिणारे असतात, बाहेरचेही आणि जय भीमवालेही. तिथं पोस्ट वाचून पुढं सरकणारा कॉम्रेड नव्हे. तिच्यासोबत उभं राहणं हाही प्रचारच आहे.

ह्या फोनला नुसतं खेळणं समजू नका. २०१५ साली शिर्डीत मोबाइलवर भीमगीताची रिंगटोन वाजली म्हणून आपल्या एका तरण्या पोराचा खून झाला. आपल्या हातातला फोन वाजतो तेव्हा कुणाच्या तरी कानात तो खुपतो. तेव्हा 'सोशल मीडियावर काय होतंय' असं म्हणणाऱ्यानं जरा जपून बोलावं.

आता मोडनिंबची गोष्ट, कारण माझ्यापुढं वाचक म्हंजे तेच गाव आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरचं गाव, कुर्डुवाडी-पंढरपूर रेल्वेवरचं स्टेशन. ऊस जातो, साखर जाते, रात्रंदिवस ट्रक जातात. पुस्तक मात्र इथं उतरत नाही. स्टँडवर कवितेचं पुस्तक मला कधी दिसलं नाही. पंढरपूर जवळ, पण तिथं चोखोबा अजून पायरीपाशीच आहे, आणि आपलं पुस्तकही पायरीच्या आत गेलेलं नाही. फोन मात्र घराघरात शिरलाय. माझी आजी वाचू शकत नाही, पण तिला कविता पाठवली की ती कानाला लावून तीनदा ऐकते आणि शेजारणीला ऐकवते. तेव्हा नुसत्या मुखपृष्ठाचे फोटो टाकून काय उपयोग? आवाज टाका. आपलं साहित्य आधी जलशात गायलं गेलं, मग छापलं गेलं. वामनदादा कर्डक गावोगाव गात फिरले. कडूबाई खरात हातात एकतारी घेऊन गायल्या, कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि तो आवाज महाराष्ट्रभर गेला. कुठल्या मठाधिपतीनं त्यांना परवानगी दिली होती?

आणि फोनवर ऐकलेल्याला शेवटी भेटावं लागतं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे ढीग लागतात आणि रिकामे होतात. भाकरीच्या पैशातनं पुस्तक घेणारी अशी माणसं दुसऱ्या कुठल्या जत्रेत दिसतात? पण ते दोन दिवस झाले. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस फोननं भरून काढायचे. जत्रेत भेटलेला माणूस वहीत, वहीतला माणूस विहारातल्या वाचनाला, वाचनाला आलेला पुढच्या पुस्तकाच्या नोंदणीत. असं फिरत राहिलं तरच त्याला चळवळ म्हणता येईल. नाहीतर ती नुसती पोस्ट.

शेवटचं, वाचकाला. 'दादा, पीडीएफ पाठवा ना' हे आता बंद करा. ज्याला खरंच परवडत नाही त्याला आम्ही पुस्तक फुकट देऊ, तोंडानं वाचून दाखवू. पण तीनशे रुपयांचा रिचार्ज मारणारा माणूस दीडशेचं पुस्तक फुकट मागतो तेव्हा तो आपल्याच कवीच्या खाटेखाली गठ्ठा वाढवतो. जयंतीला डीजे लावायला वर्गणी निघते. त्याच वर्गणीतनं दहा पुस्तकं घ्या आणि वस्तीत फिरवा. ज्या 'केसरी'नं आपली जाहिरात पैसे मिळत असूनही छापली नाही, त्याची वाट आपण आता बघत नाही. आपली जाहिरात आपणच आहोत. ह्या पानाचा फोटो काढा आणि दहा जणांना धाडा, आणि धाडताना एका नव्या कवीचं पुस्तक सोबत सांगा.