रबरी कड्यापायी अडलेला प्राणवायू

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत यवतमाळसह सारा विदर्भ प्राणवायूच्या एकेका सिलिंडरसाठी धडपडत होता. सिलिंडर हाती आला तरी भागत नसे. त्यावर बसवायचा फ्लोमीटर, म्हणजे रुग्णाला मिनिटाला किती लिटर वायू जातो हे दाखवणारा मापक, बाजारातून दिसेनासा झाला होता. त्या संकटानंतर पीएम केअर्स निधीतून देशभर बाराशेहून अधिक प्राणवायूनिर्मिती प्रकल्पांना साहाय्य मिळाले. ते आवश्यकच होते. परंतु प्रकल्पातून निघालेला वायू अखेर याच लहानशा नळीतून रुग्णापर्यंत पोहोचतो, याचा विचार कितीजण करतात?

हे यंत्र तसे साधे. खाली अरुंद व वर रुंद होत जाणारी पारदर्शक नळी, तिच्यात वायूच्या झोताने तरंगणारी गोळी आणि प्रवाह कमी-अधिक करणारी सुईसारखी झडप. ते बिघडते तेही साध्या कारणांनी : रबरी कडे झिजते, झडपेची बैठक खराब होते, धुळीने गोळी अडकते. अडकलेली गोळी पाच लिटर दाखवत राहते आणि रुग्णाला मिळतात दोन. उलट चूकही तितकीच घातक. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला प्राणवायू जास्त झाला तर त्याच्या दृष्टिपटलाला इजा होऊ शकते.

कडे किरकोळ किमतीचे. पण उत्पादक ते सुटे विकत नाही, किंवा ते मॉडेलच बंद झालेले असते. मग अख्खा मापक भंगारात जातो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या वैद्यकीय उपकरण देखभाल कार्यक्रमाच्या पाहणीत राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली होती. ती सर्वच यंत्रे निकामी झाली होती, असे कोण म्हणेल?

मात्र येथे एक सावधगिरीचा शब्द. आपल्याकडे जुगाडाचे फार कौतुक होते. या यंत्रापुढे ते कौतुक आवरावे. दाबाखालील प्राणवायूला तेल वा ग्रीस लागले तर पेट घेण्याचा धोका असतो, म्हणून मोटारीच्या गॅरेजमधले हात आणि हत्यारे येथे चालत नाहीत. नळी आणि गोळी ही जोडी एकत्र प्रमाणित केलेली असते. एकाची नळी दुसऱ्याच्या गोळीला जोडली, तर दाखवलेला आकडा खोटा ठरतो. दोन बंद मापकांतून एक चालू करता येतो, पण ते एकाच बनावटीचे असतील तरच, आणि जोडी न फोडता. दुरुस्तीनंतर गळती तपासायची, मापक सरळ उभा धरायचा आणि प्रमाणित मापकाशी २, ५, १० लिटरच्या खुणांवर ताडून पाहायचा. हे न करता तो रुग्णाच्या उशाशी लावणे म्हणजे अपराधच.

एवढी सोय जिल्ह्यात उभी राहू शकत नाही काय? यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; यवतमाळ आणि पुसदला अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. एक स्वच्छ खोली, एक प्रमाणित मापक, सुट्या भागांचा लहानसा साठा आणि दोन प्रशिक्षित तंत्रज्ञ, एवढ्यावर आरंभ होतो. स्वदेशीची भाषा बोलणाऱ्या आपण सर्वांनी हेही पाहावे की खरेदीच्या निविदेत सुट्या भागांचा आणि दुरुस्ती-पुस्तिकेचा उल्लेख असतो की नाही. देशात बनलेले यंत्रही कड्यापायी फेकावे लागत असेल, तर ते कोठे बनले याला फारसा अर्थ उरत नाही. नागपूर येथून सुमारे दीडशे किलोमीटर. उमरखेड किंवा झरी-जामणीच्या रुग्णालयाला तर यवतमाळच लांब पडते. तेथील बंद मापक औषधांच्या गाडीतून जिल्ह्याला यावा आणि पुढच्या फेरीत, तपासणीची तारीख चिकटवून, परत जावा.